कॉन्व्हेंट, प्रार्थना आणि ‘आय अ‍ॅग्री’

मी मूळचा गोरेगावचा. ईस्ट नाही, वेस्टही नाही. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. आमच्या भागात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा ख्रिस्ती धर्माशी फारसा संबंध उरलेला नाही. पोराच्या गळ्यात टाय आणि दारात पिवळी व्हॅन आली की झालं कॉन्व्हेंट! देवाच्या नाहीतर आजोबांच्या नावापुढे कॉन्व्हेंट लावलेल्या पाट्या मराठवाडा-विदर्भात पैशाला पासरी सापडतील. मूळ अर्थ धर्मभगिनींचा मठ, हे पाटी रंगवणाऱ्याला कोण सांगणार?

असो. विषय निघायचं कारण माझी भाची. ताई-दाजी आता शहरात राहतात आणि लेकराला पहिलीला ‘खऱ्या’ कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे कॅथलिक शाळेत घालायचं चाललंय. दाजी म्हणतात, इंग्रजी पक्कं होतं, शिस्त लागते. ताईला काळजी, की रोज सकाळी येशूची प्रार्थना म्हणायला लावतील त्याचं काय? त्यावर दाजींचं उत्तर, “म्हणू दे की, काय होतंय!”

मला हे ‘काय होतंय’ जास्त खटकतं. म्हणजे त्या शाळेचा धर्म हा फुकटच्या अ‍ॅपमधल्या जाहिरातीसारखा. पाच सेकंद थांबायचं, स्किप करायचं, आणि आपल्याला हवं ते घ्यायचं. पण ती शिस्त काय वेगळी पॅकेटात मिळते का?

माझा एक कलीग वसईचा कॅथलिक आहे, घरात मराठीच बोलणारा. तो शाळेबद्दल बोलायला लागला की शाळा कुठं संपते आणि चर्च कुठं सुरू होतं ते कळत नाही. धर्मग्रामाची शाळा, रविवारी मराठीत मिस्सा, तिथंच भेटणारे वर्गमित्र आणि बाई, आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी. गणवेश नसेल तर कुणाच्या घरी अडचण आहे ते न सांगता कळायचं, कारण सगळे एकमेकांना ओळखायचे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ साली झाला, पण ही वीण त्याच्या कितीतरी आधीची. नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली आमच्याच मराठवाड्यात, उस्मानाबादला (आताचं धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोध करणाऱ्यांना ही वीण कधी दिसलीच नसावी.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांमधली ७४ टक्के मुलं ख्रिस्ती नाहीत. म्हणजे वर्गात बहुतेक पोरं माझ्या भाचीसारखीच. मग ती वीण कशी टिकायची? शाळा म्हणजे फी भरणाऱ्यांना पुरवलेली सर्व्हिस झाली, की श्रद्धा भिंतीवरच्या क्रूसापुरती उरते. यात कॅथलिक घरातल्या पोराचंही नुकसानच आहे, ते कुणी बोलत नाही.

आपल्या घटनेनं यावर विचार केलेला आहे बरं का. कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा हक्क दिला. आणि कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती नाही. त्यासाठी संमती हवी, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची. पालकाची! सहा वर्षांचं लेकरू काय ठरवणार? बाजूची चाळीस पोरं हात जोडतात, म्हणून तेही जोडणार. म्हणून हे मोठ्यांनी आधी ठरवायचं असतं. आपण मात्र ‘आय अ‍ॅग्री’वर क्लिक करतो तशी सही ठोकतो.

एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं आपल्या शाळांना सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेची खोली ठेवा. चांगलंच आहे. पण लादायचं नाही म्हणजे लपवायचं, असं होऊ नये. भाचीला नाताळची गव्हाणी बघू दे, गोष्ट कळू दे. कळणं वेगळं, करायला लावणं वेगळं.

आणि फक्त मिशनऱ्यांकडं बोट दाखवू नका. झेडपीच्या शाळा संपूर्ण सरकारी पैशावर चालतात, तिथं कलम २८(१) प्रमाणं धार्मिक शिक्षणालाच मनाई आहे. सरस्वतीपूजन हे शिक्षण का संस्कृती, यावर वाद घाला खुशाल. पण हात जोडून उभ्या असलेल्या मुस्लिम पोरांच्या अब्बांना कुणी कधी विचारतं का? ताईची काळजी खरी आहे, फक्त ती त्यांनाही असू शकते एवढंच.

तर ताईनं प्रवेशाचा फॉर्म मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. चार पानं. धर्म, जात, रक्तगट, व्हॅनचा स्टॉप, सगळ्याला रकाने आहेत. प्रार्थनेबद्दल एक ओळ नाही. मी म्हटलं, शेवटच्या पानावर कोरी जागा आहे तिथं हातानं लिही, की प्रार्थनेच्या वेळी ती शांत उभी राहील, पण तुमचे सण बघायला तिला जरूर बोलवा. दाजी म्हणाले, असलं काही लिहिलं तर अ‍ॅडमिशन जाईल. ताई अजून काही बोललेली नाही. फॉर्म सोमवारी द्यायचाय.