वॉकी-टॉकी घेण्याआधी गच्ची शोधा

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील शर्यतमार्गाची लांबी ३.७१७ किलोमीटर आहे. मार्ग वळसा घेऊन पुन्हा सुरुवातीला येतो; त्यामुळे त्यावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सरळ अंतर निम्म्या लांबीपेक्षा, म्हणजे सुमारे १.८६ किलोमीटरपेक्षा, अधिक असूच शकत नाही. तरीही हौशी शर्यतींसाठी वॉकी-टॉकी घेताना नजर जाते ती खोक्यावरील ‘१० किलोमीटर पल्ला’ या अक्षरांकडे आणि वॅटच्या आकड्याकडे. हा निकष चुकीचा आहे.

१० किलोमीटरचा दावा अगदीच खोटा नसतो. दोन माणसे समुद्रासारख्या सपाट पृष्ठभागावर उभी असतील, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे पडणारी मर्यादा साधारण तेवढीच येते. शर्यतमार्गावर मात्र टायरांच्या भिंती, काँक्रीटचे कठडे, प्रेक्षकांचे मचाण आणि उभे ट्रक असतात. शिवाय जमिनीलगत थेट येणारा तरंग आणि जमिनीवरून परावर्तित झालेला तरंग एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. त्यामुळे संदेशाची शक्ती अंतराच्या वर्गाने नव्हे, तर चौथ्या घाताने घटते. अर्ध्या वॅटऐवजी ५ वॅटचा संच घेतला, तरी पल्ला दहापट होत नाही, जेमतेम १.८ पट होतो.

आता उंचीचा हिशेब पाहावा. उभ्या माणसाच्या हातातील संच सुमारे १.५ मीटरवर असतो. नियंत्रकाला ६ मीटर उंचीच्या गच्चीवर बसवले, तर पोहोचणारी शक्ती सोळापट आणि पल्ला दुप्पट होतो, तोही पैसा खर्च न करता. याहून महत्त्वाचे म्हणजे उंचीचा लाभ बोलण्याला जितका, तितकाच ऐकण्यालाही मिळतो. नियंत्रकाच्या हाती जास्त वॅट दिल्याने त्याचा आवाज दूर जाईल. वळणावरच्या मार्शलचा क्षीण आवाज त्याला अधिक स्पष्ट ऐकू येणार नाही. आणि अपघाताची पहिली बातमी येते ती वळणावरूनच.

या संचांत आवाज वारंवारता-बदलाने, म्हणजे एफएम पद्धतीने, पाठवला जातो. त्यात एकाच वाहिनीवर दोघे एकाच वेळी बोलले, तर बलवान संदेश दुर्बळाला गिळतो. पार्किंगमधला स्वयंसेवक चहाची चौकशी करत असेल, तर दूरच्या वळणावरून आलेली ‘लाल झेंडा’ ही हाक कुणाच्या कानीच पडत नाही. आपले बोलणे बुडाले हे हाक मारणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून वैद्यकीय आणि सुरक्षा पथकाला स्वतंत्र वाहिनी हवी. संचावर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची जी सोय असते, ती वेगळी वाहिनी नव्हे. ती फक्त इतरांचे बोलणे आपल्या स्पीकरवर येऊ देत नाही. टक्कर तशीच राहते.

चेन्नईच्या पावसाची धास्ती थोडी कमी करायला हरकत नाही. ४४६ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असते. थेंब त्याला अडवत नाहीत. पाणी संचात शिरते, ती अडचण निराळी.

कायद्याची बाजू अनेकदा खरेदीनंतर आठवते. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. त्याबाहेरच्या बहुतेक वारंवारतांना परवाना लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री मंचांना १३ नोटिसा धाडल्या. वारंवारता आणि परवान्याची माहिती न देता वॉकी-टॉकी विकले जात होते, हा त्यातला आक्षेप. एखाद्या मित्राकडे हॅम परवाना असेल, तरी तो त्याच्यापुरता असतो. त्याच्या आधारे सगळ्या मार्शलच्या हाती संच देता येत नाहीत.

म्हणजे इथे कायदा आणि भौतिकशास्त्र एकाच बाजूला आहेत: दोन किलोमीटरांच्या आतल्या कामाला कमी शक्तीचा, सूट असलेला संच बहुधा पुरतो. वाचलेले पैसे कान झाकणाऱ्या हेडसेटवर आणि जादा बॅटऱ्यांवर खर्चावेत. आदल्या दिवशी प्रत्येक वळणावरून चाचणी घ्यावी, आणि ती गाड्यांची इंजिने चालू ठेवून.