टाके निघाल्यानंतर
परांचीवरून कोसळलेल्या गवंड्याच्या डोक्याचे टाके निघाले की रुग्णालयाच्या लेखी तो बरा होतो. घरी मात्र त्याला सकाळचे संध्याकाळी आठवत नाही, क्षुल्लक कारणाने संताप अनावर होतो. शेजारीपाजारी त्याला आळशी ठरवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले. मेंदूच्या इजेला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. पुनर्वसनाचे कर्तव्य कायद्याने शासनावर टाकले, तेही आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ही क्षमता जेथे संपते तेथे गवंड्याच्या बायकोचे बिनपगारी श्रम सुरू होतात. त्यांचा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो. समाजाधारित पुनर्वसन तिच्याच माथी मारावयाचे असेल, तर त्यातला समाज कोणता? प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरोघर जाणारी, स्मरणाचे व कामाचे धडे पुन्हा गिरवून घेणारी प्रशिक्षित कार्यकर्ती हवी. आणि तीही मानधनावर नव्हे, वेतनावर.