परक्या गावातला रविवार

परदेशात जाऊन राहणाऱ्या शिक्षकाच्या सुट्टीविषयी आपल्या मनात एक ठरीव चित्र असते. आठवडाभर त्याने वर्ग घ्यावेत आणि सुट्टी लागली की गळ्यात कॅमेरा अडकवून वेरूळ-अजिंठा गाठावे, आपल्या मुलखाची चार माणसे जमवून गप्पा माराव्यात. यात गैर काही नाही. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या माणसाला विरंगुळा हवाच. परंतु असा शिक्षक त्या देशात राहिला म्हणावे की नुसता मुक्कामाला होता म्हणावे? माझ्या मते याचा निकाल त्याच्या कामाच्या सहा दिवसांवरून नव्हे, तर सातव्या दिवसावरून लागतो.

डॉ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाईंचे उदाहरण घ्या. १९६१ साली त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यासाठी आल्या. इंग्रजी शिकवता शिकवता त्या मराठी शिकल्या आणि १९६६ मध्ये मराठी बोलीच्या अभ्यासासाठी फलटणला गेल्या. बोली काही ग्रंथालयात सापडत नाही. ती ओट्यावर, पाणवठ्यावर, बाजारात ऐकावी लागते. त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन बसावे लागते. पुढे बाई फलटणच्याच झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेत न टिकणाऱ्या दलित मुलांसाठी त्यांनी वाचन-लेखनाचे वर्ग चालविले आणि त्यातूनच १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. ही मुले का टिकत नाहीत, हा प्रश्न वस्तीत गेल्यावाचून पडणारा नव्हे.

दुसरे उदाहरण जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोन्थायमर यांचे. आपण खंडोबाला नवस फेडायला जातो. हे गृहस्थ पुनःपुन्हा महाराष्ट्रात येऊन जेजुरीच्या यात्रेत मिसळले, धनगरांच्या वाड्यावर जाऊन ओव्या ऐकल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसांकडून ते शिकले. स्थळदर्शनाचा हा प्रकार निराळाच म्हणायचा! येथे पाहण्याचे स्थळ म्हणजे माणूस.

कोणी म्हणेल, या परदेशी मंडळींचा आपल्या आष्टीशी काय संबंध? संबंध आहे. परदेश केवळ समुद्रापलीकडेच असतो असे नाही. तालुक्याच्या गावी शिकविणारे कितीतरी प्राध्यापक जवळच्या मोठ्या शहरात राहून अप-डाऊन करतात. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीला रेल्वे आली. तिचे स्वागत आपण सर्वांनीच केले. पण गाव गाठणे जितके सोपे झाले, तितकेच गाव सोडणेही सोपे झाले. प्राध्यापकांच्या अडचणी मला कळतात. मुलांच्या शाळा, दवाखाना, घरच्यांची नोकरी, ही कारणे खोटी नाहीत. रोज येथेच राहा, असा हट्टही कोणी धरू नये. मात्र सहामाहीत दोन-तीन रविवार तरी येथे काढावेत.

कारण येथे काही गोष्टी फक्त सुट्टीच्या दिवशीच दिसतात. दसरा-दिवाळीनंतर हजेरीपटावर काही क्रमांक मुके होतात. वर्गात त्याचा अर्थ 'गैरहजर' एवढाच. वाडीवर गेले म्हणजे घराला लावलेले कुलूप दिसते, दारी राहिलेली म्हातारी भेटते आणि कळते की मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, कोयता कारखान्यावर गेला आहे आणि आपला विद्यार्थी उसाच्या फडात आहे किंवा मागे राहून धाकटी भावंडे सांभाळीत आहे. हे समजलेला शिक्षक जानेवारीत त्या मुलाला दरडावणार नाही; बुडालेले धडे कसे भरून काढावेत, याचा विचार करील.

पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. आपल्याच तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे. पाडव्याला तेथे यात्रा भरते. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा आणि गाढवांचा मोठा बाजार भरतो. भटक्या-विमुक्तांचे जीवन पुस्तकातून शिकविणाऱ्याने एकदा तरी या बाजारात उभे राहावे.

अर्थात टाळी एका हाताने वाजत नाही. पाहुणा आपण होऊन दार ठोठावीत नसतो, त्याला बोलवावे लागते. विद्यार्थी मित्रहो, 'सर, येत्या रविवारी आमच्या वाडीला या, भाकरी खाऊन जा,' एवढे म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. घर पत्र्याचे आहे, बसायला खुर्ची नाही, याची लाज कशाला? सोन्थायमरांना धनगरांच्या वाड्यावर खुर्ची कोणी दिली होती?