ड्यूटीचा तक्ता

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला की आपण डॉक्टर मंडळी बहुधा आपापल्या शाखेतील एखादा विकार निवडतो. अतिसार, लसीकरण आणि बालदमा या विषयांवर मी यापूर्वी लिहिले आहे. यंदाचा विषय मात्र मला एम.डी.च्या कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. तो म्हणजे आपल्या नर्सिंग होममधील पाळ्यांचा तक्ता. विषय क्षुल्लक वाटेल. अनेक वर्षे मलाही तो तसाच वाटत असे.

वर्षातून एक दिवस असा येतो की पांढुर्ण्यात हा विषय कोणालाच क्षुल्लक वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवर दगड सुरू होण्याआधीच कोणत्या डॉक्टरने कोठे बसायचे, रुग्णवाहिका कोठे उभी राहायची, हे सारे कागदावर ठरलेले असते. (गोटमार असावी की नसावी हा वाद मोठा आहे; त्याला येथे हात घालत नाही.) माणसे जखमी होणार हे ठाऊक असते, म्हणून माणसे आधी नेमली जातात. उरलेल्या दिवसांतही रात्री दोन वाजता झटके आलेले मूल येणारच असते, तेही आपल्याला ठाऊक असतेच. पण त्या रात्री कोण जागे असेल हे आपण त्याच संध्याकाळी दूरध्वनी करून ठरवितो.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील एक रात्र मी विसरू शकत नाही. जंतुसंसर्ग झालेले अडीच किलो वजनाचे एक नवजात बालक आमच्याकडे दाखल होते. त्याला ॲमिकासिनची मात्रा पहाटे चार वाजता द्यायची होती. हे औषध १०० मिलिग्रॅमच्या कुपीत येते आणि ५०० मिलिग्रॅमच्याही. दोन्हींत द्रव दोन मिलिलीटरच असतो. बालकाला लहान कुपीतील पाऊण मिलिलीटर हवे होते. सिस्टरने पाऊण मिलिलीटर बरोबर मोजून घेतले, पण मोठ्या कुपीतून. म्हणजे मात्रा पाचपट. कानांना आणि मूत्रपिंडांना जपून देण्याचे हे औषध! सुदैवाने नोंद लिहिताना कुपीवरील आकडा तिच्या नजरेस पडला, तिने ती सिरिंज टाकून दिली आणि सकाळी स्वतः होऊन मला सांगितले.

मी तिला सर्वांसमक्ष फैलावर घेतले. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "सर, मी काल दुपारी दोनपासून इथेच आहे." पहाटे चार वाजता तिचा पंधरावा तास सुरू झाला होता. दुपारच्या पाळीला जोडून तिला रात्रीची पाळी मीच दिली होती. तक्त्यावर अक्षर माझेच होते. आणखी एक गोष्ट मला त्या दुपारी आठवली. तिचे नऊ महिन्यांचे मूल त्याच आठवड्यात जुलाबासाठी माझ्याच ओपीडीत आले होते. आजीने बाटलीने दूध पाजले म्हणून मी या बाईला चार शब्द सुनावले होते. बाटली घरात का आली, हे मी विचारले नव्हते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपण सारे स्तनपानावर भाषणे देतो. आईच्या रक्तातील प्रोलॅक्टिन रात्री वाढते, म्हणून रात्रीचे पाजणे दूध टिकविण्यासाठी मोलाचे असते, हे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि खाली उतरून तान्हुल्याच्या आईला रात्रपाळी लावतो. पाळी आधी ठाऊक असेल तर आई दूध काढून ठेवण्याची सवय लावू शकते. संध्याकाळी सात वाजता फोन आला तर ती काय करणार?

त्या प्रसंगानंतर मी एक साधा हिशेब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता, कारण त्याला चौथीचे गणित पुरते. आठवड्याचे तास १६८. एका व्यक्तीने आठवड्यात ४८ तास काम करावे असे धरले, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. आमच्याकडे प्रत्येक पाळीत दोन सिस्टर असत, म्हणजे सात जणी हव्यात. आजारपण, रजा, माहेरचे लग्न धरले तर आठ. माझ्याकडे होत्या पाच. आठवड्याच्या ४२ पाळ्यांपैकी ३० त्या पाचजणी नियमाने भरू शकत होत्या. उरलेल्या १२ पाळ्या दर आठवड्याला कोणाच्या तरी झोपेतून काढल्या जात होत्या. मी मात्र वर्षानुवर्षे समजत होतो की तक्ता नीट लावण्याचे कसब मला साधलेले नाही. कसबाचा प्रश्नच नव्हता. पाच चादरींत आठ पलंग झाकण्याचा तो खटाटोप होता.

कारखानदारांना हे गणित आपल्यापेक्षा आधी शिकावे लागले, आणि तेही स्वखुशीने नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार सकाळी दरवाजाशी उभा राही; आज काम मिळेल की नाही हे त्याला तेथे गेल्यावर कळे. त्याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत काम आहे याची सूचना ठळक जागी लावणे बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. सौंसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातून माझ्याकडे येणारे पालक आपली पाळी सांगूनच पुढची तारीख मागतात. आपल्या आयाबाईला पुढच्या मंगळवारी काय आहे असे विचारून पाहा. ती आपल्याच तोंडाकडे पाहील.

पाळ्या कोणत्या क्रमाने फिराव्यात यालाही शास्त्र आहे. १९८२ साली चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यातील अनुभव 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेथे पाळ्या दर आठवड्याला बदलत आणि उलट्या दिशेने, म्हणजे रात्रीनंतर संध्याकाळ, संध्याकाळनंतर सकाळ अशा फिरत. त्या सकाळ, संध्याकाळ, रात्र अशा सरळ क्रमाने लावल्या आणि दर तीन आठवड्यांनी बदलल्या, तेव्हा कामगारांचे समाधान वाढले आणि उत्पादनही वाढले. शरीराचे घड्याळ पुढे ढकलणे सोपे, मागे ओढणे अवघड. रात्री जागरण करणे जमते, पण लवकर झोपा म्हटले की झोप येत नाही, हे कोणत्याही घरातील आजी सांगेल. आपण मात्र उलट्या दिशेनेच पाळ्या लावतो, कारण तशी पद्धत आहे.

मी आता चार आठवड्यांचा तक्ता महिन्याच्या २५ तारखेस लावतो. क्रम सरळ. रात्रपाळ्या संपल्या की दोन दिवस सुटी. सलग दोन पाळ्या नाहीत. मूल वर्षाचे होईपर्यंत आईला रात्रपाळी नाही, तिने स्वतः मागितली तर गोष्ट वेगळी. एकीने मागितलीही, कारण रात्री तिचा नवरा घरी असतो. तेव्हा आईचे हित तिला विचारल्यावाचून ठरवू नये, हेही शिकलो. खर्च वाढला, तो लपविण्यात अर्थ नाही. तीन पगार वाढले. खोलीचे भाडे थोडे वाढवावे लागले आणि त्याबद्दल काही रुग्णांचे बोलणेही ऐकावे लागले. दहा खाटांच्या दवाखान्याला आठ सिस्टर परवडत नाहीत असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. मी इतकेच म्हणतो की ज्या जागा आपण भरू शकत नाही, त्या भरलेल्या आहेत असे कागदावर लिहू नये. खाटा कमी कराव्यात, किंवा रात्री नवजात बालके दाखल न करता वेळीच पुढे पाठवावीत.

खरी अडचण पैशापेक्षा माणसांची आहे. शिकलेली मुलगी नागपूरला जाते. तेथे पगार बरा, आणि पाळीही ठरलेली. त्यातली दुसरी गोष्ट तरी आपण येथे देऊ शकतो.

पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये आपला स्वतंत्र जिल्हा झाला. दोन्ही गावांतील खासगी दवाखान्यांनी मिळून चार-पाच प्रशिक्षित सिस्टरांचा एक राखीव गट ठेवावा, असे मला सुचवायचे आहे. त्यांना नियमित पगार सर्वांनी वाटून द्यायचा, आणि जेथे कोणी आजारी पडेल तेथे त्यांनी जायचे. मात्र त्यांचाही तक्ता महिनाभर आधी ठरलेला असावा. गिरणीतील बदली कामगाराप्रमाणे त्यांना दाराशी उभे करायचे नाही. माणसे पळविली जातील अशी भीती मला दोघातिघांनी बोलून दाखविली. पळविली जातात ती आजही. गटात नियम करून निदान त्याबद्दल उघड बोलता येईल.

माझ्याकडचा पुढच्या महिन्याचा तक्ता औषधांच्या कपाटाशेजारी लागला आहे. त्यात दुसऱ्या आठवड्यातील दोन रात्री रिकाम्या आहेत, कारण एका सिस्टरच्या भावाचे लग्न आहे आणि मी तिला रजा दिली आहे. ज्या सहकाऱ्यांकडे त्या दोन रात्रींपुरती कोणी मोकळी असेल, त्यांनी कृपया मला कळवावे. मीही पुढे कधी तितक्याच रात्री परत करीन.