एक डिसेंबरचे देणे

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचे वेध लागलेले असतात, चार-साडेचारलाच डब्लिनमधल्या आपल्या ओंगारच्या घराघरांतून दिवे उजळतात, आणि सरत्या वर्षाच्या जमाखर्चाकडे मन आपसूक वळते. अशा दिवसांत १ डिसेंबर येतो. २०२३ साली याच तारखेला आयर्लंडचा पहिला उपग्रह, एअरसॅट-१, कॅलिफोर्नियातून झेपावला. वीतभर लांबीची ती पेटी युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या विद्यार्थ्यांनी बेलफिल्डमध्ये घडवली होती. आपल्या ओंगारहून सुटणारी ३९ए बस शहर ओलांडून जाते, ती तिथेच. दूरच्या ताऱ्यांच्या अंतकाळी उसळणारे गॅमा किरणांचे झोत त्या पेटीने टिपले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती वातावरणात शिरून जळून गेली.

मग आपल्या पदरात काय पडले? घरभाड्याने कंबरडे मोडणाऱ्या, इस्पितळाच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने ताटकळायला लावणाऱ्या या शहरात असे विचारण्यात काहीच गैर नाही. आपणही कर भरतो. विचारण्याचा हक्क आपलाही आहे.

अवकाशासाठी काढलेला पैसा खर्च होतो तो जमिनीवरच, माणसांच्या पगारात आणि शिकण्यात. आयर्लंड १९७५ पासून युरोपीय अवकाश संस्थेत आहे, आणि ज्या देशाची जेवढी वर्गणी, साधारण त्याच प्रमाणात त्या देशातल्या उद्योगांना कामे द्यायची, अशी या संस्थेची रीत आहे. पण पैशाच्या या फेऱ्याहून ज्ञानाचा फेरा आपल्याला अधिक थक्क करतो. झिजलेल्या खुब्याच्या जागी बसवायच्या टायटॅनियमच्या सांध्यावर हाडातल्याच खनिजाचा थर चढवण्याची युक्ती एन्बायो या आयरिश कंपनीकडे होती. त्याच युक्तीने जाळलेल्या हाडांच्या भुकटीचा काळा लेप टायटॅनियमच्या ढालीवर चढला, आणि ती ढाल पुढे धरून फेब्रुवारी २०२० मध्ये सोलर ऑर्बिटर यान पाचशे अंशांचा ताप सोसायला सूर्याकडे निघाले. आजारी माणसासाठी शोधलेली कला सूर्यापर्यंत पोहोचते, तेव्हा इस्पितळ की अवकाश, असा वाद घालताना आपण क्षणभर थांबायला हवे.

महाराष्ट्रातून आलेल्या आपल्याला हे नवे वाटू नये. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर उसाच्या आणि साखरेच्या आधाराने वसले. तिथल्याच कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-कवचे तयार होऊ लागली. कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस भारताचा अवकाश कार्यक्रम उभारणाऱ्या विक्रम साराभाईंच्या जोडीने उभे राहिले, तेव्हा आपला देश आजच्या आयर्लंडहून कितीतरी गरीब होता. तरीही १९७५-७६ मध्ये, अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. उपग्रह परक्याचा होता. तो कशासाठी वापरायचा हा विचार मात्र आपल्या माणसांचा होता, आणि त्या प्रयोगाचे मोल आम्ही तिथेच मानतो. आधी पोट भरू, मग आभाळाकडे पाहू, असे म्हणत ती पिढी बसली असती तर चक्रीवादळाची सूचना कोकणच्या किनाऱ्याला आज वेळेवर मिळत नसती.

एअरसॅटवर काम केलेली मुले आता पांगली आहेत. सोल्डरिंगपासून उपग्रहाला आज्ञा धाडण्यापर्यंत सारे त्यांनी स्वतः शिकून केले. तोवर आयर्लंडने स्वतःचा उपग्रह कधी बांधलाच नव्हता, मग शिकवणार कोण? पुढच्या उपग्रहाच्या वेळी मात्र शिकवणारे असतील, पण त्यांना इथेच काम मिळाले आणि पहिल्यामागून दुसरा उपग्रह लवकर आला तरच. खंड पडला की हात विसरतात.

म्हणून घराच्या गरजांचा आग्रह न सोडता, या खर्चाचाही आग्रह आपण धरला पाहिजे. आपल्यातल्या अनेकांना आता इथे मताचा हक्क आहे. निवडणुकीत उमेदवार ओंगारच्या दारोदार फिरतात. घरांबद्दल आणि शाळांबद्दल आपण त्यांना विचारतोच. पुढच्या खेपेला दुसऱ्या उपग्रहाबद्दलही विचारू या, आणि मुलांना तेव्हा दारात आपल्या शेजारी उभे राहू द्या.