ऑपरेशन झालं, पण धोका टळला का?

‘ऑपरेशन चांगलं झालं’ असं डॉक्टरांनी सांगितलं की निम्मे नातेवाईक गावाकडची एसटी धरतात. खरा धोका मात्र त्यानंतरच असतो.

आफ्रिकेतल्या २५ देशांतील २४७ रुग्णालयांत ११ हजारांवर रुग्णांचा अभ्यास झाला. २०१८ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पेशंट बहुतेक तरुण, तरी शंभरात दोन दगावले. हे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट. २३९ मृत्यूंपैकी २२५ ऑपरेशनचा दिवस उलटल्यावर झाले. सर्वांत जास्त त्रास जंतुसंसर्गाचा. तिथं सर्जन आणि भूलतज्ज्ञ फारच कमी. म्हणजे माणसं टेबलावर कमी, वॉर्डात जास्त गेली. ताप, नाडी, श्वास वेळेवर बघणारं कोणी नसलं की बिघाड उशिरा कळतो.

हा धडा आपल्या तालुक्यांनाही लागू आहे. दवाखाना निवडताना इमारत बघू नका. रात्री डॉक्टर, सिस्टर असतात का ते विचारा. शुगर, बीपी, तंबाखू, चालू गोळ्या लपवू नका. घरी आल्यावर ताप, धाप, जखमेतून पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘उद्या बघू’ म्हणणं महागात पडतं.