छातीतील कळ रांग मानीत नाही

हैदराबादशी असलेला आमच्या सीमाभागाचा राजकीय संबंध १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सुटला. दुखण्याचा संबंध मात्र सुटलेला नाही. बिदर, भालकी वा देगलूर येथील माणसाच्या छातीत कळ आली की, घरच्यांच्या तोंडी अजूनही उस्मानिया, गांधी, निम्स हीच नावे येतात. आमचा सवाल एवढाच आहे की, तेथे पोचलेल्या रुग्णाला आधी डॉक्टर भेटतो की रांग?

हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने अडली की, स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ई.सी.जी. निघावा, हा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. तो निर्दोष आला तरी झटका नाही असे ठरत नाही. रक्तातील ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा तपासावे लागते.

दुसरा रुग्ण अधिक उपेक्षित. जिना चढताना त्याची छाती दाटते, थांबल्यावर मोकळी होते. हा आज कोसळत नाही, म्हणून त्याची दाद कोण घेणार? इंग्लंडने २००० साली हृदयरोगाचा राष्ट्रीय आराखडा आखला, तेव्हा अशांसाठी शीघ्र तपासणीचे बाह्यरुग्ण कक्ष योजले आणि दोन आठवड्यांची मुदत घातली. झटका येण्यापूर्वीच त्याला गाठावे, हे त्यामागील शहाणपण!

हैदराबादच्या प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात छातीच्या दुखण्याला स्वतंत्र दार हवे. तेथे आधी ई.सी.जी. निघावा, गाव, भाषा आणि कागदपत्रे मागाहून विचारावीत. वेदनेने घेरलेल्या म्हाताऱ्याने आपली कळ तेलुगूत समजावून सांगावी, ही अपेक्षा माणुसकीची नव्हे.

परंतु बांधवहो, दोष केवळ सरकारचा नाही. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. कळ सुरू असताना मोटार ठरवून थेट तिकडे धावणे म्हणजे मोलाचा पहिला तास रस्त्यावर सांडणे होय. हैदराबादेतच २००५ साली सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका आज आपल्याही दारी येते. ती बोलवा, जवळच्या रुग्णालयात ई.सी.जी. काढा. गुठळी विरघळविणारे औषध तेथेच मिळू शकते. पुढचा प्रवास डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. आणि ही सोय आपल्या तालुक्याला नसेल, तर ती मागण्यासाठी एकजुटीने उभे राहा. कारण हैदराबाद कितीही मोठे असले, तरी पहिला तास आपल्याच गावात उलटत असतो.